ओशोग्बोची ओशुन जत्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीनिमित्त लेगॉसला राहत होतो तेव्हा जुलै संपत आला की ओळखीच्या मराठी घरांतून हेच प्रश्न यायचे. भारतात परतल्यावरही थांबले नाहीत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे. मी अभ्यासक नाही. जे पाहिलं, तिथल्या लोकांकडून ऐकलं आणि नंतर ताडून घेतलं, तेवढंच इथे आहे.

ओशोग्बो नेमकं कुठे आहे?

नायजेरियाच्या नैऋत्य भागात, लेगॉसहून साधारण 250 किलोमीटरवर. हा सगळा योरुबा लोकांचा मुलूख. 1991 मध्ये ओशुन नावाचं राज्य तयार झालं, तेव्हा ओशोग्बो त्याची राजधानी झाली. राज्याचं, नदीचं आणि देवीचं नाव एकच: ओशुन. रोमन लिपीत हे नाव साध्या 'एस'ने छापतात, त्यामुळे आपण 'ओसोग्बो' वाचतो. योरुबात त्या अक्षराखाली टिंब असतं आणि त्याचा उच्चार 'श'. 'ग्ब' मात्र ओठ आणि घसा एकाच वेळी वापरून काढायचा असतो. मला चार वर्षांत जमला नाही, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका.

तिथे अजून राजा आहे? म्हणजे सत्ता कोणाची?

सत्ता निवडून आलेल्या गव्हर्नरची. पण योरुबा शहरांत जुनी राजघराणी टिकून आहेत आणि त्यांचा मान कागदावरच्या अधिकारापेक्षा पुष्कळ मोठा आहे. राजाला सर्वसाधारणपणे 'ओबा' म्हणतात, शिवाय प्रत्येक गावच्या ओबाला स्वतःची पदवी असते. इफेचा ओनी, ओयोचा अलाफिन, तसा ओशोग्बोचा अताओजा. सध्याचे अताओजा जिमोह ओयेतुंजी ओलानिपेकुन 2010 मध्ये गादीवर आले. बड्या बँकेतला सुटाबुटातला माणूसही राजवाड्यात ओबासमोर सरळ जमिनीवर पालथा पडतो. याला 'दोबाले' म्हणतात. बायका गुडघे टेकतात.

जत्रा कशावरून सुरू झाली?

गाव वसण्याची गोष्ट आहे, आणि सगळा उत्सव त्या गोष्टीवरच उभा आहे.

इपोले नावाच्या गावात दुष्काळ पडला. तिथला लारोये (हाच पुढे पहिला अताओजा) आणि शिकारी तिमेहिन पाण्याच्या शोधात निघाले. रानात त्यांना भरून वाहणारी नदी सापडली. काठावर वस्ती करायची म्हणून त्यांनी झाडं तोडायला घेतली. त्यातलं एक नदीत कोसळलं, आणि पाण्यातून आवाज आला: रानातल्या चेटक्यांनो, माझे निळीचे रांजण फोडलेत की रे सगळे! 'ओशो' म्हणजे चेटक्या आणि 'इग्बो' म्हणजे रान, त्यावरूनच गावाचं नाव पडलं असं सांगतात.

मला या कथेत सर्वांत आवडते ती देवीची पहिली ओळख. ती ना प्रकाशात प्रकटते, ना वर द्यायला येते. कामात असलेल्या रंगारणीचं नुकसान झालं आहे आणि ती वैतागली आहे. ओशोग्बोला आजही 'इलू अरो', म्हणजे निळीचं गाव म्हणतात.

मग तडजोड झाली. देवीने त्यांना सांभाळायचं, त्यांनी दरवर्षी तिला नैवेद्य द्यायचा आणि काठावरचं रान राखायचं. पुढे पूर आला तेव्हा तिनेच वरच्या उंच जागी सरका म्हणून सांगितलं आणि गाव तिकडे गेलं. लारोयेने पाण्यात नैवेद्य सोडला तेव्हा एक मोठा मासा वर आला आणि तो त्याने हात पसरून घेतला. 'हात पसरून मासा घेणारा' हे लांबलचक योरुबा नाव झिजून झिजून 'अताओजा' झालं.

तेव्हा जत्रा म्हणजे त्या कराराचं दरवर्षीचं नूतनीकरण. एक पक्ष गाव, दुसरा पक्ष नदी. हे डोक्यात पक्कं ठेवलं की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप सापडतात.

हे किती जुनं आहे?

गावात विचाराल तर सहाशे वर्षांच्या वर. युनेस्कोच्या नोंदीत गावाची स्थापना सुमारे चारशे वर्षांपूर्वीची दिली आहे. राजवाड्यात या विषयावर वाद घालू नका.

ओशुन कसली देवी?

नदीची, गोड्या पाण्याची, संततीची, सौंदर्याची आणि संपत्तीची. पितळेच्या बांगड्या, पितळी पंखा, कंगवा, आरसा आणि मध या तिच्या आवडीच्या गोष्टी. मूल हवं असलेल्या बायका तिच्याकडे येतात, आणि मूल झालं की नवस फेडायला त्याला घेऊन पुन्हा येतात. शांगो या वीज-गडगडाटाच्या देवाची ती एक बायको. नदी एकिती भागात इगेदेजवळ उगम पावते आणि दक्षिणेला लेक्कीच्या खाजणात उतरते.

इफा, म्हणजे योरुबांची कौल लावण्याची विद्या, तिच्या परंपरेतली एक कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जग वसवायला सतरा देव पृथ्वीवर आले. त्यांत सोळा पुरुष आणि एकटी ओशुन. सोळा जणांनी सगळे बेत आपापसात ठरवले, तिला विचारलंच नाही. पाऊस पडेना, पीक येईना, काही केल्या काही जमेना. तक्रार घेऊन वर गेले तर पहिला प्रश्न आला: तुम्ही सतरा होतात, सतरावीला विचारलंत का? सगळे मुकाट्याने तिची माफी मागायला परतले.

ती नुसती कनवाळू आहे असंही समजू नका. 1840 च्या सुमारास उत्तरेकडून इलोरिनची फौज ओशोग्बोवर चालून आली आणि इबादान या योरुबा शहराच्या सैन्याने तिचा पराभव केला, हा इतिहास. गाव सांगतं ती हकीकत वेगळी: ओशुन जेवण विकणारी बाई होऊन शत्रूच्या तळावर गेली आणि विषारी भाजी खिलवून आली.

उत्सव किती दिवस चालतो? त्यात काय काय असतं?

ऑगस्टमध्ये, साधारण दोन आठवडे. लोक शेवटच्या शुक्रवारी येतात, फोटो काढतात आणि जातात, पण खरी जत्रा त्याआधीच सुरू झालेली असते.

पहिल्यांदा 'इवोपोपो'. अताओजा लवाजम्यासह राजरस्त्यावरून फिरतात, गावची वाट शुद्ध केली जाते. मग एका रात्री राजवाड्यात सोळा तोंडांचा दिवा लावतात. हा उंच धातूचा दिवा तिमेहिनने रानातल्या भुतांकडून आणला अशी आख्यायिका आहे. तो रात्रभर तेवत ठेवतात आणि अताओजा आपल्या माणसांसह त्याभोवती तीन फेऱ्या नाचतात. पाम तेलाच्या धुराचा वास, मागे दुंदुन ढोल, आणि म्हातारे सरदार घाम पुसत पुसत नाचताहेत. मला शुक्रवारच्या गर्दीपेक्षा ही रात्र कितीतरी भावली. त्यानंतर 'इबोरीआदे': होऊन गेलेल्या अताओजांचे मुकुट एकत्र मांडून त्यांची पूजा. बारीक मण्यांनी विणलेले हे मुकुट डोळे भरून पाहण्यासारखे असतात.

दुंदुन म्हणजे काखेत धरून वाजवायचा बोलका ढोल. योरुबा भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो, आणि दोऱ्या आवळून ढोल तेच चढउतार काढतो. त्यामुळे तो खरोखर बोलतो. राजवाड्याच्या दारात वादक येणाऱ्याची वंशस्तुती, तिकडे 'ओरिकी' म्हणतात ती, ढोलावर वाजवतो आणि पाहुणा खिशात हात घालतो.

अरुग्बा कोण असते?

शेवटच्या शुक्रवारची नायिका. 'अरुग्बा' म्हणजे भोपळा वाहणारी. राजघराण्यातली अविवाहित मुलगी या मानासाठी निवडतात. सगळ्या गावाचा नैवेद्य एका मोठ्या तुंब्यात भरून, त्यावर रंगीत वस्त्रं घालून तिच्या डोक्यावर देतात. राजवाड्यापासून नदीकाठच्या देवराईपर्यंत तिने तो चालत न्यायचा. वाटेत ती बोलत नाही. ठेच लागली तर गावावर संकट येतं असं मानतात, म्हणून तिच्याभोवती पुजारणी आणि राखणदार हातांचं कडं करून चालतात.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मुलगी दिसलीच नाही. दिसला तो रंगीत कापडाचा एक ढीग, हजारो डोक्यांवरून हळूहळू तरंगत येणारा. जवळ आल्यावर कापडाच्या कडेखाली हनुवटी दिसली, घामाने चमकणारी. बाकी सगळे ओरडत, नाचत, एकमेकांना ढकलत होते. हलत नव्हती ती तेवढी हनुवटी. पुढे तरुण पोरं एकमेकांना छड्यांनी फटकावत होती, तोही रिवाजच आहे. माझ्या शेजारच्या बाईंनी आपल्या डोक्यावरून हात फिरवला आणि अरुग्बाच्या दिशेने झटकला, आपण ओवाळून टाकतो तसा. मग शेजारच्याने, मग त्याच्या मागच्याने. आजार, कर्ज, कोर्टकचेरी, जे असेल ते तिच्या भोपळ्यात टाकायचं. ते सगळं घेऊन ती नदीकडे जाते.

देवराईत पोचल्यावर काय होतं?

पहिला राजवाडा होता त्या जागी लारोये जिच्यावर बसला असं मानतात ती शिळा आहे, अताओजा त्या शिळेवर बसतात. मुख्य पुजारीण 'इया ओशुन' आणि पुजारी नैवेद्य नदीत सोडतात. मासे तो घेतात की नाही याकडे सगळ्यांचं लक्ष. मग 'ओरे येये ओ!' असा एकच गजर उठतो. येये म्हणजे आई.

राजे मुसलमान आहेत म्हणे. मग ते पूजा कशी करतात?

हा प्रश्न मराठी माणूस हमखास विचारतो आणि तिथला माणूस प्रश्न ऐकून बुचकळ्यात पडतो. हो, सध्याचे अताओजा मुसलमान आहेत, त्यांच्या गादीवरचे आधीचे कित्येकही होते. योरुबा घरात थोरला भाऊ हाजी, धाकटी बहीण चर्चमध्ये गाणारी आणि आजी ओशुनची भक्त, हे काही नवल नाही. अताओजा करतात ती गादीची जबाबदारी. करार लारोयेने केला, आणि त्या शिळेवर जो बसेल त्याने तो पाळायचा.

सगळं गोडीगुलाबीचं आहे असंही नाही. काही पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाचे पाद्री आणि काही मौलवी या उत्सवावर कडाडून टीका करतात. दुसरीकडे पारंपरिक धर्म मानणारे 20 ऑगस्टला 'इशेशे दिन' पाळतात आणि आता ओशुन, लेगॉससह काही राज्यांत त्या दिवशी सरकारी सुटी असते.

देवराई एका ऑस्ट्रियन बाईंनी वाचवली हे खरं का?

बरंचसं खरं, पण वाक्य अर्धवट आहे.

सुझान वेंगर 1915 मध्ये ग्राझला जन्मल्या, चित्रकार. 1950 मध्ये पती उली बायर यांच्याबरोबर नायजेरियात आल्या. क्षयाने आजारी पडल्या, त्याच काळात एडे गावातल्या ओबाताला देवाच्या एका पुजाऱ्याशी त्यांचा संबंध आला आणि त्यांनी रीतसर दीक्षा घेतली. लोक त्यांना अदुन्नी ओलोरिशा म्हणू लागले. तेव्हा ओशोग्बोच्या देवराईची दशा वाईट होती. देवळांना वाळवी लागलेली, झाडांवर कुऱ्हाड, जमिनीवर डोळे. वेंगर यांनी आधी ओशुनचं मुख्य देऊळ दुरुस्त करायला घेतलं आणि त्यातून पुढे उभी राहिली प्रचंड शिल्पं: सिमेंटची, मातीची, आभाळाकडे हात पसरलेली.

त्या एकट्या नव्हत्या हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. गवंडीकाम करणारे अदेबिसी अकांजी सिमेंटचे कलाकार झाले. कुंपणाच्या भिंती आणि जाळीदार पडदे त्यांचे. बुराइमो ग्बादामोसी दगडात घडवायचे, कासाली अकांग्बे लाकडात. वेंगर काठावर उभ्या राहून झाडतोड्यांशी आणि जमीन बळकावणाऱ्यांशी भांडल्या हे खरं, आणि गावाने त्यांना ते करू दिलं हेही तितकंच खरं. 2009 च्या जानेवारीत, वयाच्या 93व्या वर्षी, त्या ओशोग्बोतच वारल्या.

1965 मध्ये देवराईचा काही भाग राष्ट्रीय स्मारक झाला, 1992 मध्ये ते क्षेत्र वाढवलं आणि 2005 मध्ये युनेस्कोने 75 हेक्टरची ही देवराई जागतिक वारशाच्या यादीत घेतली. शंभर वर्षांपूर्वी जवळपास प्रत्येक योरुबा गावाला अशी देवराई होती. एवढी मोठी आता हीच उरली आहे. आत शिकार, मासेमारी आणि वृक्षतोड बंद. माकडं मात्र बिनधास्त फिरतात. हातातली केळी सांभाळा.

मग ही शिल्पं 'परंपरा' म्हणायची की आधुनिक कला?

माझं मत विचाराल तर प्रश्नच चुकीचा आहे. त्या शिल्पांपुढे कोला नट, म्हणजे कोला झाडाची कडू बी, फोडला जातो, बायका कपाळ टेकतात. शिल्प 1960 च्या दशकातलं आहे म्हणून त्यांचं काही अडत नाही. आपल्या गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार सिमेंटने झाला म्हणून देव कुठे नवा होतो?

कवड्यांचं काय प्रकरण आहे?

'मेरिन्दिनलोगुन' म्हणजे सोळा. ओशुनचे उपासक सोळा कवड्या टाकून, किती उताण्या आणि किती पालथ्या पडल्या त्यावरून कौल घेतात. इफाचे पुजारी 'बाबालावो' पामच्या सोळा बिया किंवा साखळी वापरतात. त्यांच्या एकूण 256 आकृत्या, प्रत्येकीला जोडलेली पाठ असलेली कवनं. ही इफा पद्धत युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे.

कवडी बघून तुळजाभवानीच्या आराध्याची माळ आठवली तर त्यात नवल नाही. पश्चिम आफ्रिकेत शतकानुशतकं चलन म्हणून चाललेल्या कवड्यांचा मोठा साठा मालदीवचा, हिंदी महासागरातून जहाजाने गेलेला. जहाजाचा तोल राखायला तळाशी कवड्या भरत आणि त्याच कवड्या मोजून पुढे माणसं विकत घेतली जात.

ब्राझील, क्युबाचे लोक एवढ्या संख्येने का येतात?

त्याच गुलामांच्या व्यापारामुळे. एकोणिसाव्या शतकात ओयोचं साम्राज्य कोसळलं, योरुबा राज्यं आपापसात लढली आणि लढाईत पकडलेली माणसं जहाजांवर चढवली गेली. त्यांच्याबरोबर देवही गेले. ब्राझीलच्या कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या धर्मात ती ओशुम, क्युबात ओचुन. मालकाच्या डोळ्यांदेखत पूजा करता यावी म्हणून तिथल्या ओचुनला एल कोब्रेच्या मेरीमातेचं रूप मिळालं. ओशोग्बोला साओ पावलोची एखादी बाई पिवळ्या मण्यांची माळ घालून नदीत पाय सोडून बसलेली दिसली तर तिला लगेच कॅमेरा दाखवू नका.

योरुबा मुलखात आणखी कोणते उत्सव पाहावेत?

इफेचा ओलोजो, सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये. ओनी काही दिवस एकांतात राहून मग 'आरे' नावाचा मुकुट घालून बाहेर येतात. योरुबा लोक इफेला जगाची सुरुवात मानतात. 1938 मध्ये तिथे घर बांधताना जमिनीखाली जी धातूची शिरं निघाली, त्यांनी आफ्रिकन कलेचा इतिहास नव्याने लिहायला लावला. ओयोचा शांगो उत्सव 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. इजेबू-ओदेचा ओजुदे ओबा बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी असतो: सजवलेले घोडे, आणि एकाच वयाच्या लोकांचे गट एकसारख्या कापडात. कपड्यांचा शौक असेल तर आधी हाच बघा. लेगॉसचा पांढऱ्या झग्यांचा एयो दरवर्षी होत नाही, आणि त्याच्या वाटेवर चप्पल घालायला बंदी असते.

बायकांना सगळीकडे प्रवेश असतो का?

ओशोग्बोत प्रश्नच येत नाही, पुजारीणच मुख्य. 'ओरो' नावाच्या विधीच्या वेळी मात्र बायकांनी घराबाहेर पडायचं नसतं. ज्या गावी जाल तिथे त्या काळात ओरो आहे का, हे आधी विचारा.

जायचं तर तयारी काय?

पिवळ्या तापाची लस, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. प्रमाणपत्र नायजेरियात लागतंच, पण नसेल तर भारतात परतताना विमानतळावरून थेट विलगीकरणात जाल. मलेरियाबद्दल डॉक्टरांशी बोला. लेगॉसहून इबादानपर्यंत 2021 पासून नवी रेल्वे आहे, पुढे रस्ता. रात्रीचा प्रवास टाळा. ऑगस्टमध्ये पावसाला थोडी उघडीप असते, तिकडे 'ऑगस्ट ब्रेक' म्हणतात, तरी चिखल असतोच.

कपडे पांढरे घाला, भक्तही पांढऱ्यात असतात. फोटो काढण्याआधी विचारा. देवळाच्या आतले तर विचारूनही काढू नका.

शाकाहाऱ्यांनी 'अकारा' हा शब्द पाठ करावा: चवळी भिजवून, साल काढून, वाटून तळलेले वडे. रस्त्यावर सकाळी गरम मिळतात, अगदी आपल्या जिभेचे. याच वाटणाचं वाफवलेलं 'मोइन मोइन'ही चालेल, फक्त त्यात अंडं, मासे नसतील याची खात्री करा.

खरेदी करायची तर 'अदिरे', निळीत बुडवलेलं कापड. कसाव्याच्या, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच्या, खळीने पिसाने नक्षी काढतात. जिथे खळ तिथे नीळ चढत नाही. खरं कापड ओळखायचं तर नाकाला लावा, आंबलेल्या निळीचा उग्र वास येतो. दुकानदार हसेल, हसू द्या.

नदीचं पाणी घरी आणावं का? प्यावं का?

उत्सवात हजारो लोक पिवळ्या प्लास्टिकच्या केगमध्ये, म्हणजे कॅनमध्ये, पाणी भरून नेतात, पितात, तान्ह्या बाळांना लावतात. पण गेल्या काही वर्षांत नदी गढूळ तपकिरी झाली आहे. वरच्या भागात सोन्याचं बेकायदा खाणकाम चालतं, त्याचा गाळ खाली येतो. पाण्यात जड धातू सापडल्याचं तपासण्यांत दिसलं आहे आणि पाणी पिऊ नका असा इशारा सरकारनेही दिला आहे. तेव्हा पिऊ नका. हाताला लावा, डोळ्यांना लावा, पुरे.

एका वृद्ध पुजारणीला मी हे विचारलं होतं. ती पायरीवर बसून केगची झाकणं घट्ट लावत होती. म्हणाली, आमच्या माणसांनी झाड पाडलं तेव्हा आई लगेच ओरडली होती, आता रांजणात रोज चिखल येतो आहे. मग तिने माझ्या हातात एक भरलेला केग ठेवला आणि पाचशे नायरा मागितले.